भावगीतांच्या कानाने गिटार कशी शिकायची

हे मी अशा लोकांसाठी लिहितेय ज्यांच्या घरात गिटार आहे पण ती कपाटावर पडलीये, कारण क्लासमध्ये जी गाणी शिकवली ती कधी आपली वाटलीच नाहीत. आणि ज्यांना शाळेत असताना भावगीतं, नाट्यगीतं, आजीच्या रेडिओवरची गाणी आवडायची पण कुणाला सांगायची सोय नव्हती, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

आधी थोडं माझं सांगते. मी ठाण्यात चरईत वाढले, दोन खोल्यांचं घर, सकाळी आजी भाजी निवडायला बसली की रेडिओ सुरू व्हायचा, त्यामुळे आठ-नऊ वर्षांची असताना मला कितीतरी गाणी अंतऱ्यांसकट पाठ होती आणि ती पाठ आहेत हे मला स्वतःला माहितीही नव्हतं. शाळेत मात्र तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या शेवटी, सगळ्यांच्या वॉकमनमध्ये इंग्लिश बँड नाहीतर इंडीपॉप. आठवीत येऊरला सहल होती, बसमध्ये भेंड्या चालल्या होत्या, माझ्यावर अक्षर आलं आणि मी एक नाट्यगीत सुरू केलं, येत होती तेवढ्या तानेसकट, तर मागून कुणीतरी ओरडलं, "ए आजी, खाली बस." दहावी होईपर्यंत मला आजी हेच नाव होतं. मग मी कॅसेटी दुसऱ्या कव्हरमध्ये घालून ठेवायला लागले. ते तेव्हा खूप लागलं होतं मनाला, आणि आज माझी मुलगी तिच्या आवडीचं गाणं लावताना माझ्याकडे बघून आवाज कमी करते तेव्हा परत लागतं.

बारावीनंतर गिटारचा क्लास लावला. सहा महिन्यांत चार गाणी झाली, चारही अशी की मी स्वतःहून कधी गुणगुणले नसते. एकदा धीर करून सरांना म्हटलं मला एक भावगीत शिकवा ना, तर म्हणाले ही गाणी गिटारवर होत नाहीत, हे वेस्टर्न वाद्य आहे. मी गप्प बसले आणि पुढच्या महिन्यात क्लास सोडला. गिटार परत हातात घेतली ती दहा वर्षांनी, लग्नानंतर, आणि या वेळी फक्त माझी गाणी घेऊन बसले. तेव्हा कळलं की सरांचं म्हणणं बरोबर नव्हतं. ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर राग वाजवले, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची रेकॉर्ड १९६७ ची आहे, विश्वमोहन भट्टांना तर १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. काब्रा वाजवायचे आणि भट्ट वाजवतात ती गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून धातूची पट्टी सरकवत, आपली पद्धत तशी नाही, आपण पडद्यांपाशी, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या कांड्यांपाशी, बोटाने तार दाबतो, त्यांनाच फ्रेट म्हणतात, पण होत नाही असं काही नाहीये.

तर पहिलं काम गिटारचं नाही, वहीचं आहे. अशी दहा गाणी लिहून काढा ज्यांचा मुखडा आणि निदान एक अंतरा तुम्हाला न बघता गुणगुणता येतो. नुसतं आवडतं पण पाठ नाही असं गाणं नको. कारण काय होतं, नवीन माणसाला एकाच वेळी बोटं, ताल, कॉर्ड (म्हणजे एकत्र वाजवायचे तीन-चार सूर) बदलणं आणि गाणं लक्षात ठेवणं अशी चार कामं असतात, त्यातलं गाण्याचं काम तुमच्या कानाने लहानपणीच करून ठेवलंय. बोट चुकलं की कान लगेच सांगतो इथे काहीतरी खटकलं. हा गुरू फुकट मिळालाय आणि घरात चोवीस तास हजर आहे, आणि तो मिळाला तो त्या न मिरवता येणाऱ्या आवडीमुळेच.

गिटार घ्यायची असेल तर ऑनलाइन घेऊ नका, निदान पहिली तरी. सकाळच्या गर्दीनंतर स्लो लोकल पकडून सीएसएमटीला जा, तिथून धोबी तलाव चालत आहे, तिथे फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान, किंवा ठाण्यातल्याच दुकानात जा, पण हातात घेऊन बघा. बरोबर एक छोटी मोजपट्टी न्या. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार आणि फ्रेटचा माथा यात अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं आणि बारीक तारेखाली दोनच्या आत, यालाच ॲक्शन म्हणतात. ॲक्शन उंच असेल तर तार दाबायला जीव काढावा लागतो आणि माणूस समजतो आपली बोटंच नाजूक. तारा एक्स्ट्रा लाइट मागा, दहा नंबरचा सेट. परत येताना पाचच्या आत निघा, नाहीतर सरळ लगेजच्या डब्यात चढा.

बोटं दुखतात. तीन-चार आठवड्यांत टोकांना घट्टे पडतात मग दुखत नाही. रोज पंधरा मिनिटं पुरे, रविवारी दोन तास बसून बाकी दिवस काही नाही असं केलं तर घट्टे धरतच नाहीत.

आता पट्टीचं, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा त्याचं, बघू, कारण बायका इथेच गिटार सोडतात आणि त्यांना वाटतं आपला आवाज चांगला नाही. मलाही सहा महिने तसंच वाटत होतं. शिकवतात ती गाणी बहुतेक पुरुषांच्या पट्टीत असतात. आपल्याकडे गाणारी माणसं पट्टी पेटीवरून सांगतात, काळी चार, काळी पाच, पांढरी एक, आणि गिटारवाल्यांना सी, जी, डी असं कळतं, मध्ये दुभाषा कुणीच नसतो. तर हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. आणि कॅपो नावाचा चिमटा मिळतो, तो ज्या फ्रेटवर लावाल तितके अर्धे अर्धे सूर सगळी गिटार वर चढते. म्हणजे तुम्ही जीच्या कॉर्ड वाजवताय आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की झाली काळी चार, बहुतेक बायकांना ही नाहीतर काळी पाच बसते, काळी पाचसाठी एच्या कॉर्ड आणि कॅपो एकवर. पुरुषांना काळी एक हवी तर सीच्या कॉर्ड, कॅपो एकवर, काळी दोन हवी तर डीच्या, कॅपो एकवर. ज्या दिवशी मी जी धरून कॅपो एकवर लावला आणि आजीचं गाणं आजीच्याच पट्टीत निघालं त्या दिवशी मी गिटार खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून होते.

उजव्या हाताचं मात्र नीट वाचा, क्लासमध्ये वर-खाली-वर-खाली शिकवतात ते आपल्या गाण्यांना लावलं की गाणं कवायतीसारखं वाजतं आणि मग लोक म्हणतात बघा, गिटारवर होत नाही. आपल्याला तबला ऐकून हात बसवायचाय. तबल्यात दोन भांडी असतात, डग्गा आणि तबला, तसेच गिटारला दोन भाग समजा, वरच्या जाड तीन तारा हा डग्गा, तो अंगठ्याचा, आणि खालच्या बारीक तीन तारा हा तबला, तो बोटांचा. आता केरवा घ्या, धा गे ना ती न क धी न, आठ मात्रा. यात डग्गा बोलतो तो धा, गे आणि धी यांवर, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला, आणि मधल्या ना ती न क या चार मात्रा डग्गा घुमत नाही. मग अंगठा फक्त पहिल्या, दुसऱ्या, सातव्यावर मारा, मधे नुसती बोटं. बस, एवढंच केलं तरी गाणं एकदम घरचं वाटायला लागतं. दादरा सहा मात्रांचा, धा धी ना धा ती ना, इथे ती आणि ना यांवर अंगठा उचलून ठेवायचा. रूपक सात मात्रांचा, ती ती ना धी ना धी ना, आणि याची गंमत म्हणजे समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, डग्गा नाही, तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला येतो, म्हणून वेस्टर्न शिकलेला माणूस रूपकात पहिल्या मात्रेला जोरात अंगठा हाणतो आणि सगळं गाणं जड होऊन बसतं. आधी गिटार बाजूला ठेवून मांडीवर बोल म्हणत हात मारा, दोन-तीन दिवस, भाजी शिजेपर्यंत मारा, मग तारांवर या. भावगीतं बहुतेक दादऱ्यात नाहीतर केरव्यात सापडतात, टाळी देऊन सहा किंवा आठ मोजा, दोन्हीत बसत नसेल तर सात मोजून बघा.

डाव्या हाताला कॉर्ड कुठल्या द्यायच्या? नेटवर आपल्या गाण्यांच्या कॉर्ड फार कमी मिळतात आणि मिळतात त्या बऱ्याचदा चुकीच्या असतात, म्हणून मी रागावरून जाते. घाबरू नका, शास्त्रीय शिकलेलं असण्याची गरज नाही, मीही नाही शिकले. फक्त एवढंच बघायचं की गाण्यात जो सूर नाहीये तो कॉर्डमधून मागच्या दाराने आत येता कामा नये.

सुरुवात भूपापासून करा, पाचच सूर, सा रे ग प ध. गीतरामायणाचं पहिलं गाणं भूपातलं आहे, १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर लागलं होतं ते, तेव्हा ही चाल बहुतेक घरांत पाठ असतेच. जी हा सा धरला तर सूर होतात जी, ए, बी, डी, ई. जी कॉर्ड बसते, ई मायनर बसते, आणि तिसरी कॉर्ड लोक डी मेजर घेतात तिथे चूक होते, कारण डी मेजरमध्ये एफ शार्प आहे आणि तो इथे नी होतो, भूपात नी नाही. त्याऐवजी डी सस फोर घ्या, डी मेजर धरून करंगळी सगळ्यात बारीक तारेवर तिसऱ्या फ्रेटला ठेवायची एवढंच, की झाले डी, जी आणि ए, तिन्ही भूपातले. दोन्ही वाजवून बघा एकामागोमाग, फरक लगेच कळेल, डी मेजरने गाणं एकदम वाढदिवसाच्या पार्टीत जाऊन बसतं.

मग यमन. यात मध्यम, म्हणजे म, तीव्र, नेहमीपेक्षा अर्धा सूर चढा. सी सा धरला तर तीव्र मध्यम म्हणजे एफ शार्प, आणि म्हणून यमनच्या गाण्यात एफ ही कॉर्ड चालतच नाही, कारण एफ म्हणजे शुद्ध मध्यम. आता ज्यांनी गिटार कधी धरलीये त्यांना माहितीये एफ म्हणजे काय, अख्खं पहिलं बोट आडवं दाबायचं, किती जणांनी तिथेच नाद सोडला. आणि इकडे इतकी सुंदर गाणी यमनात आहेत ज्यांना ती कॉर्ड लागतच नाही! सी, डी, ई मायनर, जी, ए मायनर, पाच कॉर्ड, सगळ्या उघड्या, आडव्या बोटाशिवायच्या. जीवरून गाणार असाल तर जी, ए, डी, ई मायनर, आणि तिथे सी टाळायची. गाण्यात मध्येच शुद्ध मध्यम हळूच येऊन जात असेल तर कानाला कळेल, तेवढ्याच जागी शुद्ध मध्यमाची कॉर्ड द्या आणि लगेच परत या.

शेवटी भैरवी, मैफलीत असते तशी. भैरवीत रे, ग, ध, नि चारही कोमल, म्हणजे अर्धा सूर उतरलेले, ऐकून वाटतं फार कठीण असेल, पण गिटारची सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक तार दोन्ही ई आहेत, आणि ईला सा धरलं तर भैरवीचे सातही सूर पेटीच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या होतात, एकही काळी नाही. ई मायनर, ए मायनर, सी, डी मायनर, आणि ती एफ. इथे एफ लागतेच, कोमल रेचा सगळा जीव तिच्यात आहे. पण आडवं बोट अजून जमत नसेल तर एफ मेजर सेव्हन घ्या, खालच्या चारच तारा वाजवायच्या, सगळ्यात बारीक ती पहिली असं मोजून चौथीवर तिसरा फ्रेट, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला, पहिली मोकळी. मोकळी तार ई, म्हणजे सा, रागाबाहेरचं काहीच आत येत नाही. ई मायनरवरून या कॉर्डवर आणि परत ई मायनर, एवढंच हळूहळू करत बसा, घरातली माणसं काम सोडून ऐकायला येतात. काळी चारसाठी कॅपो चौथ्या फ्रेटवर.

नाट्यगीतांना मात्र कॉर्ड लावायच्या भानगडीत पडू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यात तान इतकी फिरते की कॉर्ड कायम मागे धावत राहते. त्याऐवजी सगळ्यात जाड तार ईवरून डीवर उतरवा, मग जाड तीन तारा होतात डी, ए, डी, म्हणजे सा, प, सा, झाला तानपुरा. अंगठ्याने शांतपणे छेडत राहायचं आणि वर गायचं.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, ती कशी काढायची हे सगळे विचारतात. ठरलेल्या सुरांच्या वाद्यावर दोन सुरांमधली जागा मिळत नाही ही तक्रार जुनीच आहे, याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती उठायला १९७१ उजाडलं. पण पेटीची पट्टी ओढता येत नाही, गिटारची तार येते. तार दाबून बाजूला खेचली की सूर वर चढतो, बारीक दोन तारांवर अर्धा सूर तरी सहज मिळतो. उतरती मींड हवी तर आधी खेचून ठेवा, मग वाजवा, मग सोडा. लांबची मींड असेल तर बोट न उचलता तारेवरून सरकवा. सगळीकडे करू नका, एका कडव्यात एखादी जागा, जिथे गायकाचा आवाज तुमच्या कानात वळतो तिथेच.

पावसाळ्याचं वेगळं सांगावं लागतं कारण आपण ठाण्यात राहतो. जूनपासून हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं, ॲक्शन वर येते, आणि माणसाला वाटतं आपलाच हात बिघडला. गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला तर अजिबात नाही, बॅगेत घालून आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. वाजवून झालं की जुन्या सुती ओढणीने प्रत्येक तार पुसा, घामाने तारा लवकर गंजतात. तरी दोन-तीन महिन्यांत बदलाव्या लागतातच. गणपतीच्या आधी एकदा बदलल्या की सणांमध्ये वाजवायला बऱ्या पडतात.

आणि माणसांसमोर वाजवा. राम मारुती रोडवर, तलावपाळीला दिवाळी पहाटेला जी गर्दी होते तिथे लगेच जाऊन उभं राहायचं नाहीये, आपल्या सोसायटीची कोजागिरी पुष्कळ झाली. मी पहिल्यांदा तिथेच वाजवलं, गच्चीवर, दुधाचं पातेलं एका बाजूला उकळतंय, पोरं पळतायत, आणि मी खाली मान घालून जी, ई मायनर, डी सस फोर. दुसऱ्या ओळीला चौथ्या मजल्यावरचे काका गायला लागले, अंतऱ्याला सात-आठ जण, त्यात माझ्याच वयाची दोघं होती जी शाळेत नक्की वॉकमनवर इंग्लिश गाणी ऐकत असणार, आणि त्यांना सगळे शब्द येत होते. एकही शब्द न चुकता. मी वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघत राहिले.

अशा ठिकाणी जाताना शब्दांचा कागद मोठ्या अक्षरात, कॅपो खिशात, आणि गच्चीवर पोचल्यावर दहा मिनिटं थांबून मग ट्यून करा, हवा बदलली की तारांचे सूर हलतात. लोक पट्टी सांगतील ती लगेच पानावरून बघता आली पाहिजे. आमच्या खालच्या काकूंनी या वर्षीसाठी आत्तापासून सांगून ठेवलंय, यमनातलंच गाणार आणि काळी तीनच हवी, म्हणजे डीच्या कॉर्ड, कॅपो चौथ्यावर, आणि त्यात ती बी मायनर आडव्या बोटाची. डी, ई, एवर भागतंय का ते आज रात्री बघते, नाहीतर बी मायनर बसवायला अजून तीन आठवडे आहेत.